साडभाऊंचा सर्बिया

सर्बिया देशाची जितकी काळजी आरमोरीच्या आमच्या साडभाऊंनी वाहिली, तितकी त्या देशाच्या सरकारनंही वाहिली नसेल. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर, लोक जसे विपश्यनेला नाहीतर गुडघे दाखवायला नागपूरला जातात, तसे हे सर्बियाच्या मागे लागले. यांच्याकडे साधा पासपोर्टही नाही. झालं असं, की दिल्लीचा एक प्रकाशक जगभरच्या खेळाडूंचा जाडजूड इंग्रजी कोश काढत होता आणि त्याला घरबसल्या नावं तपासणारी माणसं हवी होती. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया चलाख लोकांनी आधीच उचलले होते. उरलेला सर्बिया साडभाऊंच्या पदरात पडला आणि त्यांनी तो पोटच्या लेकरासारखा वाढवला.

आता सर्बियन नावांची भानगड अशी, की ती इंग्रजी लिपीत लिहिली तरी अक्षरांच्या डोक्यावर बारक्या खुणा असतात. ‘सी’वर तिरकी काडी असली की एक च, उलटी टोपी असली की दुसरा च आणि डोकं उघडं असलं तर तिसराच उच्चार. इंग्रजी पुस्तकवाले या खुणा केराच्या टोपलीत टाकतात, ते साडभाऊंच्या जिवाला लागलं. समजावताना ते आपल्यावर यायचे. म्हणायचे, चार गाईंमधला च आणि त्या गाईंच्या चाऱ्यातला च सारखा बोलून दाखव बरं. मी बोलून दाखवायचो आणि हरायचो. ताडोबाच्या गेटाजवळ, मोहर्लीत होमस्टे चालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे ज्ञान कुठं कामाला येणार होतं कोण जाणे, पण सुटका नव्हती. त्यांच्या लेकीच्या लग्नात पाहुणे जेवायला बसले आणि वधूपिता गायब. शोधलं तर मांडवामागे, स्वयंपाकाच्या डेगीच्या आडोशाला, फोनवर दिल्लीच्या प्रकाशकाकडच्या पोराला सांगताहेत की त्या हँडबॉलवाल्याची काडी राहिली आहे. ताईंनी डोक्याला हात लावला.

काम करायची रीतही त्यांचीच. नाव तोंडानं नीट म्हटल्याशिवाय बोट संगणकाला लावायचं नाही. इंटरनेटवर तिकडचा रेडिओ ऐकायचे आणि अंगणात खाटेवर बसून एकेक नाव घोळवायचे. शेजारच्या बाईला वाटलं गुरुजी मंत्र टाकतात. तिनं चारा सोडलेली बकरी आणून उभी केली. साडभाऊ पक्के विज्ञानवादी, घरी बाबासाहेबांचा फोटो, मंत्र म्हटलं की अंगावर येणार. पण बाई रडवेली झाली होती, म्हणून त्यांनी बकरीच्या कानात एका गोलकीपरचं नाव सांगितलं आणि तिला गुरांच्या डॉक्टरकडे पाठवलं. बकरी बरी झाली. श्रेय डॉक्टरला मिळालं नाही.

असं सगळं सुखात चाललं होतं आणि दिल्लीहून कळलं की नव्या आवृत्तीत खुणा काढून टाकायच्या. वाचकांना त्रास होतो, शोधताना नाव सापडत नाही, वगैरे. त्या दिवशी साडभाऊंचा फोन आला तेव्हा मला वाटलं घरात कोणी गेलं. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरलं होतं. ताई म्हणाल्या दोन दिवस धड जेवले नाहीत. त्यांनी पत्रावर पत्रं धाडली, उत्तर आलं नाही. मग त्यांच्या मनानं घेतलं की आरमोरीच्या म्हाताऱ्याचं कोण ऐकणार, खुद्द सर्बियाचं माणूस बोललं तर प्रकाशक ऐकेल. ताडोबात जगभरची माणसं येतात, त्यांच्यातलं एक पकडून दे, असं त्यांनी मला बजावलं. वाघ दाखवून देणं त्यापेक्षा सोपं होतं.

पण आली. एकटीच बाई, लंडनला नोकरी करणारी, मूळची तिकडचीच. एक रात्र मुक्काम, दुपारची एकच सफारी, सकाळी नागपूरहून विमान. मी फोन केला आणि साडभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, दोन एसट्या बदलून हजर झाले. बाई आत तयार होत होती. मी जिप्सीत पाण्याच्या बाटल्या ठेवत होतो. टेबलावर तिच्या सफारीच्या परवान्याचा छापील कागद पडला होता आणि त्यावर तिचं आडनाव उघडंबोडकं. साडभाऊंना ते बघवलं नाही. खिशातून पेन काढलं आणि दोन्ही खुणा सुबक भरून टाकल्या. आता पाहुणीचं स्वागत केल्यासारखं वाटलं, असं मला नंतर सांगत होते.

गेटवर घोडं अडलं. परवान्यावर पेनाची शाई म्हणजे खाडाखोड, आणि खाडाखोड चालत नाही. साडभाऊ तिचा पासपोर्ट उघडून दाखवू लागले, की बघा, आता तंतोतंत जुळलं. गेटवरचा माणूस सज्जन होता. म्हणाला, गुरुजी, बरोबर लिवलं असंल, पण लिवलं काऊन? दुसरा कागद छापून आणेपर्यंत आत सोडायची वेळ संपली. सगळ्या जिप्स्या धुरळा उडवत गेल्या आणि सात समुद्र ओलांडून वाघ बघायला आलेली बाई माझ्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर येऊन बसली. मी साडभाऊंना काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ते मान खाली घालून ऐकत राहिले, त्याचा मला आणखी राग आला.

संध्याकाळी त्यांनी तिची माफी मागितली. खुणांचं सगळं सांगितलं, पण प्रकाशकाला दोन शब्द लिहा हे मागणं त्यांच्या तोंडून निघालं नाही. बाई मोठ्या मनाची. हसली आणि म्हणाली, त्या खुणा मी स्वतःच केव्हाच सोडल्या. ऑफिसात कोणाला जमत नाहीत, यंत्र घेत नाही, रोज रोज कोण भांडणार? मग तिनं गंमत म्हणून विचारलं, माझं नाव घेऊन दाखवता? साडभाऊंनी घेतलं. पुन्हा एकदा म्हणा, इतकंच ती म्हणाली.

सकाळी मी साडभाऊंना एसटीवर सोडायला गेलो. माझा राग उतरला होता. मी म्हटलं, भाऊ, जिचं नाव तिलेच पर्वा नाई, तुम्ही काऊन जीव जाळून राह्यले?

“पर्वा नाई असं नाई, बापू. थकली ते,” साडभाऊ म्हणाले. “माया आज्याचं नाव भिकाजी. गावानं जलमभर भिक्या म्हटलं. शेवटी आजा सोताच भिक्या सांगे. मले वाटे, आपल्या हातून तरी कोणाचं असं होऊ नये.”

गाडी आली आणि ते चढले.

प्रकाशकानं ऐकलं नाहीच. उलट, खुणा काढायचं कामही त्यांनाच दिलं, कारण त्या कुठं कुठं आहेत हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, हे आता प्रकाशकाला दोन खरमरीत शब्द सुनावतील. त्यांनी काम घेतलं. हल्ली रोज सकाळी बसतात आणि स्वतः लावलेली एकेक काडी, एकेक टोपी स्वतःच्या हातानं उतरवतात. ताई म्हणतात, आता घरात नावं म्हटल्याचा आवाज नाही. परवा मी फोनवर चिडून म्हटलं की भाऊ, हे तरी दुसऱ्या कोणाले करू द्याचं होतं.

“दुसरा घाईघाईनं करंल, बापू,” ते म्हणाले. “मले त्यायची सवय हाय. मी हळू काढतो.”