सोमीनं बाजूला मांडून ठेवलेले धोंडे

"माझा भाऊ कधी उठणार?" आठ वर्षांच्या मुलीनं असं विचारलं तर काय सांगायचं? मला माहीत नाही. शिकून इथे आले तेव्हा वाटत होतं, अशा प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे आहेत…

मैत्रिणींनो, आपली ही वही फिरत फिरत माझ्याकडे आली तेव्हा ईस्टरच्या गमती लिहायचं ठरवलं होतं. आता त्या लिहवत नाहीत.

ईस्टरच्या रविवारी कर्जतच्या आमच्या ख्रिस्ती देवळात मी घेते त्या मुलांच्या वर्गाला नेहमीपेक्षा दुप्पट मुलं होती. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतलीही आली होती. वाडीवर खेपा घालून त्यांना मीच जमवलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

भिंतीवर विलायतेहून आलेलं रंगीत चित्र टांगलं होतं… लोटलेली धोंड, रिकामी कबर, पांढऱ्या वस्त्रातला देवदूत. मी सांगत होते, धोंड बाजूला झाली आणि मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठून कबरेबाहेर आला. वाडीतल्या आठ वर्षांच्या सोमीनं विचारलं, "बाय, कबर म्हंजी काय गं?"

मला लगेच सुचलं. म्हटलं, "तुमच्याकडे माणूस गेलं की माती देऊन वर धोंडे रचतात ना? तसंच." मुलांना पटकन कळलं. परकी गोष्ट एका वाक्यात त्यांची झाली, म्हणून मी इतकी खूश झाले की बाबांना पत्रात ते वाक्य लिहूनसुद्धा टाकलं. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच, त्यामुळे ते माझी पत्रं शेजाऱ्यांना वाचून दाखवतात.

सोमीचा धाकटा भाऊ काळू शिमग्याच्या आधी तापानं गेला होता. मला हे ठाऊक होतं. माती दिली तेव्हा मी तिथे उभी होते… तरी बोलताना आठवलं नाही.

बुधवारी सकाळी सोमीची आई, बुधी, देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मोहाची फुलं वेचायची सोडून आली होती.

"काय शिकवलंस गं माज्या पोरीला? काळूवरचं धोंडं काढलं तिनं. सगळं! म्हनती, धोंडं हायेत म्हनून त्याला येता येत नाय."

मी काही बोलायच्या आत ती पुढे म्हणाली, "तरस फिरतं तिथं. माजं पोर उकरून नेलं असतं, तर तुजा देव परत देनार व्हता काय?"

मी तिच्यामागून चालू लागले.

वाडीच्या मागे ओढ्याच्या काठी सोमी बसली होती. धोंडे तिनं फेकले नव्हते, कडेला ओळीनं मांडून ठेवले होते. मातीला मात्र हात लावलेला नव्हता. "माती त्याची तो काढंल," ती म्हणाली. "हलकी हाय."

बुधी पहिला धोंडा उचलायला वाकली, तशी सोमी तिच्या हाताला लोंबकळली. "नको गं आये! बाय, सांग ना हिला!"

दोघी माझ्याकडे बघत होत्या… मी वाकले, एक धोंडा उचलला आणि मातीवर ठेवला. सोमीनं आईचा हात सोडला. मग बुधीनं आणि मी मिळून सगळे रचले.

"मंग त्या दिशी खोटं बोललीस? माजा भाऊ कवा उठनार?" सोमीनं विचारलं.

"नाही गं. पण काळू कधी उठेल, ते मला माहीत नाही."

ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली. बुधी म्हणाली, "आता एकटी नाय धाडायची मी हिला. काय सांगतेस ते मला बी ऐकू दे. पन आयतवारी सकाळी आमी मोहाखाली असतो."

आमच्या देवळाच्या पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "यापुढे बाप्तिस्मा झालेल्या घरांतलीच मुलं घ्या. बाकीच्या मुलांना हे पेलत नाही." ते रागावले असते तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. मी घरी आले.

पेलत नाही, हे खरंच. पण आपण मुलांना आयांपासून वेगळं काढून शिकवतो… माझ्या लक्षात राहिलं नाही, ते बुधी विसरली नसती. ती शेजारी असती तर ते वाक्य माझ्या तोंडून निघालंच नसतं.

परवाच्या रविवारी दुपारी उन्हं कलल्यावर मी वाडीत गेले. अंगणात पाच आया बसल्या होत्या, पोरांना मांडीवर घेऊन. सोमी शेवटपर्यंत माझ्याशी बोलली नाही, पण उठूनही गेली नाही. आता दर रविवारी वर्ग तिथेच भरेल.

पाळकसाहेबांना मी आधी विचारलं नाही; परत आल्यावर सांगितलं.