आज आमची म्हातारी कोंबडी आरवली

मंडळी, घरात कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या उमेळ्याच्या वाडीतली चंपी म्हातारी झालीय, त्यात आजारी. भिजवलेला भात मी हाताने भरवते.

आज सकाळी ती चक्क कोंबड्यासारखी आरवली! जनावरांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "वय झालं की होतं कधीकधी." पण सासूबाई पांढऱ्याफटक पडल्या. "कोंबडी आरवली की घरातलं माणूस जातं. आत्ताच्या आत्ता काप तिला."

नेमकं आजच ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन. दीर सोबत गेलेले, मी आईंजवळ घरी.

"आई, असं काही नसतं," म्हणत मी चंपीला घेऊन खोलीत गेले आणि आतून कडी लावली.

दुपारी दिरांचा फोन आला आणि तेवढ्यात चंपीने आरवायला मान ताणली. मी तिची चोच मुठीत गच्च दाबली.

"वहिनी, ऑपरेशन नीट झालं."

मी रडायलाच लागले. मग लक्षात आलं, मूठ आवळलेलीच आहे आणि चंपीचे पाय लुळे पडलेत.

मूठ सोडली. बऱ्याच वेळाने तिने श्वास घेतला.

तिला आईंपासून वाचवायला कडी लावली होती मी. आता घास पुढे केला की ती मान मागे घेते.

तुमच्या हातून झालंय का कधी असं?