न उठलेली येळवस

"आमची येळवस अजून उठली न्हाई," असं केवळाबाई एकदा म्हणाल्या होत्या, तेही भर उन्हाळ्यात, निलंग्याच्या एसटी स्टँडवर. ऐकणाऱ्या बाईला वाटलं, म्हातारी तारीख विसरली.

त्या काही विसरल्या नव्हत्या. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, त्यांचा दिवाळीहून लाडका सण. त्या दिवशी गावाला कुलूप लागतं, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभी करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून बसवायचे, भज्जी, उंडे, आंबील वाढायची. त्यांच्या घरात एक नेम होता. दिवस मावळल्याशिवाय पांडवांना उठवायचं नाही. मावळत्या सूर्याला हात जोडून "आता या" म्हणायचं, मगच कोप मोडायची.

मागच्या हिवाळ्यात मुलगा शिवकुमार त्यांना नॉर्वेच्या वरच्या टोकाला, आपल्या घरी घेऊन गेला. येळवस तिथंच आली. घरामागच्या बर्फात त्यानं फ्रिजचं रिकामं खोकं आडवं ठेवून कोप केली. समुद्रावरून पाच दगड आणले. भर दुपारी बाराला आभाळ शाईसारखं निळं होतं.

"आत्या, पांडवांना मोजे घालू का?" सून शिल्पा म्हणाली, आणि केवळाबाईसुद्धा हसल्या. रानात शिंपडतात तशी शिवकुमारनं घराभोवती आंबील शिंपडली. ती पडल्या जागी गोठली.

जेवणं झाली. तीन वाजले, चार वाजले. थंडीनं बोटं वाकेनात, तेव्हा शिवकुमारनं विचारलं, आवरायचं का.

"मावळला का?"

"माय, इथं दोन महिने उगवतच न्हाई. मावळंल कुठून?"

केवळाबाई खोक्याकडं बघत राहिल्या. "मग त्यांना उठवायचं कसं?"

घड्याळ बघून उठवू, असं त्यानं सुचवलं. गावाकडं मावळला असेल तो धरू. त्यांना ते पटलं नाही. जिथं बसवलं तिथलाच दिवस मावळला पाहिजे. त्या रोज दुपारी खिडकीशी बसून आभाळ बघायच्या. आठव्या दिवशी बर्फाच्या ओझ्यानं खोकं बसलं. शिवकुमारनं उकरून दगड काढले. ते कोरडे होते आणि हाताला कोमट लागले. भिंतीची ऊब असेल, असं म्हणून त्यानं ते समुद्रात टाकले. दगड गेले, बसलेले कुठं गेले, हे केवळाबाईंनी विचारलं नाही. सूर्य परतायच्या आधीच त्यांचं परतीचं तिकीट होतं.

यंदा दीर अण्णारावांनी रानात कोप बांधली. पूजा थोरल्या वहिनीच्याच, म्हणजे केवळाबाईंच्याच हातची. पण त्या दगडांना कुंकू लावेनात. तिकडं बसवलेले अजून बसलेत, इकडं कुणाला बसवू, असं त्यांचं म्हणणं.

"वहिनी, बारा वर्षं वनवास काढलेली माणसं ती," अण्णाराव म्हणाले. "वर्षभरानं काय झिजत्यात?"

भावकी हसली. केवळाबाईंचा हात मात्र उठला नाही. शेवटी अण्णारावांनी शिवकुमारला व्हिडिओ कॉल लावला. तिथं कुणी नाही हे त्यानंच दाखवावं, म्हणजे पूजा होईल. केवळाबाईही कबूल झाल्या.

तिकडं सकाळ होती, पण अंधारच. शिल्पानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून फोन धरला आणि शिवकुमार मागच्या बर्फात उतरला. घरावरच्या दिव्याचा उजेड पार कुंपणापर्यंत पडला होता. "बघ माय, मोकळं हाय सगळं," तो ओरडून म्हणाला आणि कुंपणाकडं निघाला. खोकं होतं त्या जागेवरून सरळ गेला असता तर दहा पावलं. तो एका कडेनं वळसा घेऊन गेला, कोट अंगाशी आवळत, पाय जपून टाकत, पंगतीला धक्का लागू नये म्हणून माणूस जातो तसा. परत येतानाही तसाच आला. त्याचं त्याला काही कळलं नव्हतं. तो हसत होता.

इकडं कोपीत अण्णारावांनी कुंकवाचा करंडा पुढं धरला होता, तो हात तसाच राहिला. केवळाबाईंनी पदर सावरला, वाकून कोपीच्या तोंडातून बाहेर पडल्या आणि कुंकू न लावताच ज्वारीतल्या वाटेनं चालू लागल्या.