स्पीकरमधली घरघर

मला बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी स्वयंपाकाची चौकशीच केली नाही. पट्टी कुठली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, काळी चार. ते सासूबाईंकडे वळून म्हणाले, "जमला." माझं लग्न ठरलं ते असं.

सासरे मूळचे मालवणकडचे, विक्रोळीच्या एका भजनी मंडळाचे बुवा. पेटी स्वतः वाजवायची आणि गायचंही स्वतःच. पण पंचवीस वर्षं गिरणीत कापसाचा धुरळा खाऊन त्यांचा घसा बसला तो बसलाच. मग घरात गाणारी सून आली. नवरा कारखान्यात ड्रॉइंग काढायचा आणि तबला बरा वाजवायचा. दोन वर्षांत आमचे लहान लहान कार्यक्रम सुरू झाले: मुलुंडला कुणाची साठी, घाटकोपरला कुणाच्या सोसायटीची पूजा, कुठे बारसं. चाळीस-पन्नास माणसं असायची, त्यातली दहा जेवणाच्या वासाकडे लक्ष ठेवून.

अडचण आवाजाची होती. मांडववाला कर्णा लावून द्यायचा. त्या कर्ण्यातून माझा आवाज असा यायचा, जसं कुणी नाक चिमटीत धरून स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगतंय. एका साठीला तर उत्सवमूर्तींच्या बहिणीने मला विचारलं, "सर्दी झालीय का गं?"

म्हणून आपला स्वतःचा स्पीकर घ्यायचं ठरलं. ॲम्प्लिफायर आतच बसवलेला, माइक लावला की चालू, वीज गेली तर बॅटरीवर चालेल असा. घाटकोपरला एका कच्छी दुकानदाराकडे तसे डबे मिळतात असं नवऱ्याने शोधून काढलं आणि एका रविवारी सकाळी आम्ही चौघं तिथे गेलो. सासूबाईंचं काय काम, असं नवरा हळूच म्हणाला. ते त्यांनी ऐकलं, म्हणून त्या सगळ्यात पुढे निघाल्या.

दुकानात दोनच डबे आमच्या कामाचे होते. एक मोठा, काळा, त्याला नऊ बटणं आणि एक लाल दिवा. त्यात एको होता. नवऱ्याने माइक हातात घेऊन "हॅलो" म्हटलं आणि ते "हॅलो" पाच वेळा परत आलं. त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"झकास आहे ना?" तो म्हणाला.

"गुहेत बसून गाणार आहे का मी?" मी विचारलं.

सासरे म्हणाले, "पेटी ऐकाक येता मगे? मग खंयचोय घ्या." त्यांना कुठलाही चालणार होता.

दुसरा डबा लहान, तपकिरी, वर चामड्याची मूठ. बटणं तीन. नवऱ्याला तो अगदीच गरीब वाटला. तेव्हा सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी आधी मोठा डबा उचलून पाहिला. तो जमिनीपासून चार बोटं उठला आणि खाली बसला.

"ह्यो घेऊन तीन माळे कोण चढतलो?" त्यांनी मुलाला विचारलं. "तू? तू तर रॉकेलचो डबो आणताना दोनदा बसतंस."

मग त्यांनी लहान डब्याचा माइक हातात घेतला, मला रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी भाजीची यादी वाचली: शेपू, शेंगा, सुरण, फरसबी, कोथिंबीर. मी परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काय काय ऐकलंस?" मी पाचही भाज्या सांगितल्या. मग तीच यादी त्यांनी मोठ्या डब्यातून वाचली, तर फक्त सुरण कळलं. बाकीच्या भाज्या एकमेकींत शिजून गेल्या होत्या. दुकानदार पोटभर हसला आणि म्हणाला, "बेन, आमच्या दुकानात तुमीच बसा."

लहान डबा घरी आला.

पहिला कार्यक्रम मुलुंडला. आवाज इतका स्वच्छ की माझाच मला परका वाटला. पण दुसऱ्या गाण्यापासून मागे काहीतरी घरघर ऐकू येऊ लागली. मी गायले की घरघर, थांबले की बंद. नवऱ्याने अर्थिंगला दोष दिला. नवऱ्याला वायरिंगमधला तेवढा एकच शब्द येत होता.

डबा दुकानात गेला. दुकानदाराने उघडला, फुंकर मारली, तार बदलली, तासभर चालवून दाखवला. एकदम साफ. पुढच्या कार्यक्रमात घरघर पुन्हा हजर. डबा पुन्हा दुकानात. मी दुकानदाराला चार शब्द सुनावले, त्यातले दोन जरा जास्तच होते. तो शांतपणे म्हणाला, "असं करा, सगळे या. पेटी, तबला, सगळं घेऊन. इथेच बसून गा."

पुढच्या रविवारी त्याने दुकानात सतरंजी घातली. मी एकटी गायले. साफ. सासऱ्यांनी एकट्याने पेटी वाजवली. साफ. मग आमच्या दोघांच्या मध्ये नेहमीसारखा माइक ठेवून आम्ही एक अभंग सुरू केला आणि घरघर आली. दुकानदार कान लावत डब्याभोवती फिरला, मग तारेच्या मागोमाग माइकपर्यंत आला आणि तिथेच उभा राहिला. सासऱ्यांच्या गळ्याकडे बघत राहिला. त्यांचा कंठमणी वरखाली होत होता.

"बेन," तो हळूच मला म्हणाला, "डब्यात फॉल्ट नाय."

त्याने एवढं जपून सांगितलं, पण सासूबाईंना जपून बोलणं कधी माहीतच नव्हतं. "अगो, ह्यो आवाज ह्येंचो!"

सासऱ्यांची बोटं थांबली. "माजो? मी खंय गातंय?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं. घरच्या तालमीत तो आवाज पंख्यासारखा कानाला सवयीचा झाला होता आणि कर्ण्यात तर सगळंच घरघरायचं. मी दुकानदाराची माफी मागितली. त्याने चहा मागवला. सासरे पेटी बांधत म्हणाले, "चुकलंय. आता तोंड बंद."

ते शब्दाला जागले. पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी तोंडात सुपारी धरली आणि ओठ घट्ट मिटले. घरघर एकदम गेली. तिच्यासोबत पेटीतलं काहीतरीही गेलं. सूर बरोबर येत होते, पण जणू कुणी ते सुटे सुटे मांडून ठेवत होतं. त्याहून वाईट म्हणजे माझीच वाट लागली. दुसऱ्या अंतऱ्याला मी अर्धी मात्रा आधी शिरले, चौथ्याला उशिरा. इतकी वर्षं मी कुठे उचलायचं ते त्या घरघरीवरून ओळखत होते, हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन मी ते सांगितलं, तर नवरा हसून म्हणाला, "म्हणजे तुझं गाणं बाबा गातात होय?" त्या दिवशी त्याला चहा उशिरा मिळाला.

मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, सुपारी टाका. तुमच्यासाठी दुसरा माइक लावू. ध्रुवपद तुम्ही म्हणायचं."

"ह्या आवाजाक माइक कित्याक गो?"

"मला लागतो म्हणून."

यावर ते उठले. मग आत जाऊन त्यांनी सासूबाईंना काहीतरी विचारलं असावं, कारण आतून उत्तर ऐकू आलं, "गावा की! आधी काय कोणाक इचारून गायत होतास?"

घाटकोपरच्या एका पूजेत त्यांनी पहिल्यांदा दुसऱ्या माइकवर ध्रुवपद म्हटलं. आवाज फाटका होता, पण सूर जागेवर होता. पुढे बसलेल्या दोन म्हाताऱ्या गिरणीवाल्यांनी टाळ्यांनी ठेका धरला. तिसऱ्या वेळी म्हणताना सासऱ्यांनी डोळे मिटले होते आणि ओळ संपल्यावर ते थांबलेच नाहीत. माझा अंतरा त्यांनीच गायला. मी बाजूला बसून टाळ वाजवले.

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात ते संकोचून स्वतःच्या माइकचं बटण हळूच कमी करायचे आणि नवरा तबल्यावरचा हात न थांबवता डाव्या पायाच्या अंगठ्याने ते पुन्हा वाढवायचा.