दोन विसांची घंटा

कोल्हारच्या हायस्कुलात गोजरबाई शिपाई होती, आणि घंटेवर तिचा भारी जीव. दुसऱ्या कुणी टोला दिला की तिचं डोकंच फिरायचं.

शहाण्णव साली शाळेच्या मुलींच्या कबड्डी संघावर गंडांतर आलं. पोरी पूर्वार्धात वाघिणी आणि उत्तरार्धात धापा टाकत उभ्या. मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, यंदाही पहिल्या फेरीत हरलात तर संघ बंद. गोजरबाईची लेक शुभांगी शाळेत यायची ती कबड्डीसाठी, पुस्तकांशी तिचं फारसं सख्य नव्हतं. संघ गेला की पोर घरी बसणार, हे आईला स्वच्छ दिसत होतं.

क्रीडाशिक्षक गोरक्षनाथ सर एका शिबिरातून सर्किट ट्रेनिंग शिकून आले. मैदानात त्यांनी आठ जागा आखल्या. कुठे ट्रॅक्टरच्या टायरमध्ये उड्या, कुठे वाळूचं पोतं उचलणं, कुठे जोर, कुठे दोरी. एका जागी तीस सेकंद, मग वीस सेकंद उसंत, मग पुढची जागा. पोरी पाठ-गुडघे नीट ठेवतात का, हे सरांना बघायचं होतं आणि शाळेचं स्टॉपवॉच बंद पडलेलं. त्यांनी गोजरबाईला सेकंद मोजून घंटेचा टोला द्यायला सांगितलं. तिनं वीसपर्यंत मोजून दाखवलं, तर सरांच्या घड्याळाशी आकडान् आकडा जुळला. सर खूश.

दोन महिने घंटा वाजत राहिली. शुभांगीला घरी धड मांडी घालता येईना.

"आये, टोला जरा लवकर दे की."

"सरांचा हुकूम हाय," म्हणून गोजरबाई भाकरी थापत बसायची.

सामन्याला चार दिवस असताना नवं स्टॉपवॉच आलं. सरांनी ते दाबलं आणि बघतच राहिले. तीसच्या जागी चाळीस!

"गोजरबाई, तीस सांगितलं होतं ना?"

"व्हय सर. पन तीस म्हंजी दीड वीस. आमी कडब्याच्या पेंढ्या, कांद्याच्या जुड्या, समदं विसानं मोजतो. अर्धी वीस टाकून उठलं तर मुकादम बोल लावतो. म्हनून मी दोन विसा पुऱ्या केल्या."

सरांनी कपाळाला हात लावला. पोरी दमून गेल्या असतील म्हणून त्यांनी सराव थांबवला. गोजरबाईला चार दिवस घास गिळवेना. आपल्याच हातानं लेकीची शाळा बुडवली, असं तिला वाटत राहिलं.

सामना बेलापूरला होता. उत्तरार्धात समोरच्या पोरी गुडघ्यांवर हात टेकून उभ्या, आणि आपल्या ताठ. शेवटच्या चढाईत शुभांगी तिघींना फरपटत रेषेपर्यंत आली आणि सामना जिंकला. गोजरबाई पदर तोंडाला लावून रडली, आणि रडता रडता हसली.

सोमवारी सरांनी स्टॉपवॉच कपाटात ठेवून दिलं.

"घंटा तुमचीच, बाई."

"सर, पुढची फेरी अवघड हाय म्हनं," गोजरबाई गंभीरपणे म्हणाली. "आता तीन विसा मोजू का?"

बारापैकी अकरा पोरी मटकन खाली बसल्या. शुभांगी तेवढी टायरपाशी जाऊन उभी राहिली.

"मोज, आये."