पेरूचा वास परत आला तेव्हा

मीना सातपूरच्या एका फळरसाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला आहे. पेरू, अननस, आंबा यांच्या रसात वासाचे कितीतरी घटक असतात. यंत्र ते सुटे करून एकामागून एक नळीतून सोडतं. नळीच्या काचेच्या तोंडाला नाक लावून बसायचं आणि येईल तो वास बोलून दाखवायचा: ओलं गवत, पिकलं केळं. बरीच वर्षं हे काम मीनाचंच होतं.

कोरोनात तिचं नाक गेलं. ताप उतरला, वास काही येईना. त्याच वर्षी विंचूरला तिची आई, भिमाबाई वारली. जलदानविधी आटोपल्यावर बहिणीने आईची पत्र्याची पेटी पुढ्यात ठेवली. परसातले पेरू आई याच पेटीत, कपड्यांमध्ये पिकत घालायची. मीनाच्या शाळेच्या झग्यालाही तो वास लागायचा. "पेरूवाली आली," म्हणून मुली हसायच्या.

"आई, दुसरीकडे ठेव ना गं!"

"कुठं ठेवू? उंदरं खातात."

आता मीनाने पेटीतल्या आईच्या लुगड्यात तोंड खुपसलं. वास आलाच नाही. अंत्ययात्रेत रडली नव्हती इतकी ती तेव्हा रडली.

कारखान्यात नळीशी तिच्याबरोबरची तृप्ती बसू लागली, मीना यंत्राच्या पडद्यावर घटकागणिक उंचावणारी रेघ बघू लागली. तरी जेवणाच्या सुट्टीत ती नळीला नाक लावून बघायचीच.

"ताई, कशाला त्रास करून घेता?" तृप्ती म्हणायची.

पुढच्या हिवाळ्यात पेरूच्या रसाची तपासणी चालली होती. मीना सवयीने नळीवर वाकली आणि एकदम मागे सरली.

"शी! मांजर मुतल्यासारखं काय येतंय?"

तृप्तीने पडद्याकडे पाहिलं. "ताई, गंधकाचा घटक आहे तो! तुम्हाला आला?"

एकटा असला की हा घटक नकोसा वाटतो; पण रसात तो अगदी कणभर असतो आणि त्याच्याशिवाय पेरूला पेरूपण येत नाही. मीनाने रसाचा पेला उचलून हुंगला. पुसट, पण होता. घड्या घातलेले कपडे, त्यांतून चाचपत पेरू शोधणारा आईचा हात, सगळं आठवलं. ती तिथेच स्टुलावर बसली आणि डोळे पुसत हसत राहिली.

काही महिन्यांनी अननसाचा वासही येऊ लागला. आंबा मात्र अजून आलेला नाही. त्यामुळे आंब्याच्या हंगामात नळीशी तृप्तीच बसते.

"आता काय आलं?" मीना विचारते.

"खोबऱ्यासारखं, ताई. गोडसर."

मीना तसं लिहून घेते.