ठेवणीतले काढे

सुमनआत्याकडे मी चहा कायम कान तुटलेल्या कपातून प्यायलो. चांगला सेट कपाटात होता, काचेआडून दिसायचा. "तू घरचाच आहेस रे नंदू, पाहुणे आले की काढू," असं ती म्हणायची. पाहुणे आले की ती आणखी मोठ्या पाहुण्यांची वाट बघायची.

माझी ही आत्या शाळेतून निवृत्त होऊन शाहपुऱ्यात एकटी राहत होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर वेळ जावा म्हणून मी तिला कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. ठोकळ्यांचं जग. खणायचं, घर बांधायचं, राक्षसांपासून जीव वाचवायचा. तलवारीवर, चिलखतावर मंत्र चढवायचे आणि तऱ्हेतऱ्हेची औषधं उकळायची. आत्या त्यांना सरळ काढे म्हणायची. रविवारी सकाळी फोन चालू ठेवून ती शाहपुऱ्यातून आणि मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, अयोध्या नगरातून त्या जगात उतरायचो. अंगावर येणाऱ्या सांगाड्यांना ती "चल हट, बदतमीज!" म्हणून वर्गातल्यासारखी दटावायची.

त्या खेळाच्या शेवटी एक ड्रॅगन असतो. "मला एकदा त्याला बघायचंय. मारायचं तू, मी नुसती बघते," ती म्हणायची. मी म्हणायचो, मग चल, आजच जाऊ. "आजच कसं? तयारी नको?" झालं! पुन्हा काढे उकळायला बसायची.

एकदा लाव्ह्याच्या दरीवरून जाताना तिचा पाय घसरला. आगीपासून वाचवणारा काढा तिच्याच पिशवीत होता. मी इकडून बोंबललो, "आत्या, पी! अगं, पी ना!"

"थांब रे, निघतेच आहे मी बाहेर. उगाच कशाला वाया..."

खेळात मेलेला माणूस परत जिवंत होतो, पण तलवार, चिलखत, काढा, सगळं स्वाहा. मी कपाळावर हात मारला आणि बाई हसून हसून बेजार. "कोई बात नहीं. आता चांगलं काही बरोबर न्यायचंच नाही!" इतक्या सगळ्यातून धडा घेतला तो हा! पुढे मंत्र चढवलेली प्रत्येक वस्तू पेटीत जायची आणि ही साधी लोखंडी तलवार घेऊन हिंडायची. मी चिडलो की म्हणायची, "ठेवणीतलं आहे रे ते. ऐन वक्ताला असू दे."

यंदाच्या हिवाळ्यात ती म्हणाली, "संक्रांत झाली की नक्की जाऊ." संक्रांतीच्या आधीच तिचं हृदय बंद पडलं. तेराव्याला माणसं खूप आली, तेव्हा कपाटातला तो सेट निघाला. मी माझ्या कान तुटलेल्या कपातच चहा घेतला.

परवा धीर करून खेळ उघडला. तिच्या ठोकळ्यांच्या घरात, पलंगामागे ती पेटी. आत काढ्यांच्या बाटल्या ओळीने लावलेल्या आणि लखलखणारी दोन चिलखतं. एकावर तिने 'आत्या' असं नाव घातलं होतं, दुसऱ्यावर 'नंदू'. दोघांचीही तयारी केव्हाच झाली होती. मग थांबलो कशाला गं आपण?

वाटलं, चढवावं चिलखत, प्यावा काढा आणि जावं त्या ड्रॅगनकडे, तिच्या वाटचंही बघून यावं. एक बाटली हातात घेतलीसुद्धा. पण प्यायलो की ती रिकामी होणार.

बाटली होती तिथे परत ठेवली आणि पेटी लावून घेतली.